सॉलिसिटर बाळासाहेब खेर

कै. बाळ गंगाधर ऊर्फ बाळासाहेब खेर हे नाव आपल्या भागातील जुन्या पिढीस परिचित झाले ते मुंबई राज्याचे मुख्यमंत्री म्हणून. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्य सोलापूरहून निघाले आणि नळदुर्ग, उमरगा, राजेश्वर, हुमनाबाद या वाटेने पुढे सरकले, तेव्हा ज्या प्रांताच्या हद्दीतून ते निघाले त्या प्रांताचा कारभार खेरांच्या हाती होता. रझाकारांच्या धामधुमीत घरदार सोडून सोलापूरच्या बाजूस आश्रयाला गेलेल्या निजामी मुलखातील कुटुंबांना हे नाव परके राहिले नाही. परंतु राजकारणात पडण्यापूर्वी हे गृहस्थ मुंबईत सॉलिसिटर होते आणि त्या व्यवसायाचे संस्कार त्यांच्या राज्यकारभारावर शेवटपर्यंत राहिले, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. प्रस्तुत लेखात त्यांच्या आयुष्याकडे याच बाजूने पाहावयाचे आहे.

खेरांचा जन्म २४ ऑगस्ट १८८८ रोजी रत्नागिरीस, एका मध्यमवर्गीय कऱ्हाडे ब्राह्मण कुटुंबात झाला. शाळेतील त्यांचे काही शिक्षण कुंदगोळ येथे झाले, हे सीमाभागातील वाचकांस विशेष वाटावे. धारवाड भागातील हे गाव त्या वेळी जमखंडीच्या पटवर्धन संस्थानिकांच्या ताब्यात होते. राज्यकर्ते मराठी आणि भोवतालची बोली कानडी. पुढे सवाई गंधर्व म्हणून कीर्ती पावलेले रामभाऊ कुंदगोळकर याच गावचे, वयाने खेरांहून अडीच वर्षांनी वडील. घरात एक भाषा, बाजारात दुसरी आणि दरबारी कागदावर तिसरी, हा अनुभव हुमनाबादच्या माणसास समजावून सांगावा लागत नाही. अशा ठिकाणी वाढलेल्या मुलाचा कान लहानपणीच तयार होतो. समोरच्याचे बोलणे पुरते ऐकून घेतल्याखेरीज उत्तर देऊ नये, ही सवयही बहुधा तिथेच लागते.

कुंदगोळहून ते पुण्यास आले, न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकले आणि नंतर मुंबईच्या विल्सन कॉलेजात दाखल झाले. १९०६ साली ते बी. ए. च्या परीक्षेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले आणि संस्कृतासाठी ठेवलेले भाऊ दाजी पारितोषिक त्यांनी मिळविले. १९०८ मध्ये त्यांनी एलएल. बी. ची पदवी घेतली. त्या वेळी त्यांचे वय वीस वर्षांचे होते. संस्कृताचा चांगला विद्यार्थी कायद्याकडे वळला की त्याचा एक फायदा होतो. लांबलचक समासाचा विग्रह करण्याची ज्यास सवय आहे, त्यास पाऊण पानभर पसरलेल्या कलमातील कर्ता आणि क्रियापद शोधून काढणे कठीण जात नाही.

पदवीनंतर खेरांना जे काम मिळाले ते काहीसे आगळे होते. मुंबई उच्च न्यायालयात सर फ्रँक बीमन हे आय. सी. एस. मधून आलेले न्यायमूर्ती होते. विद्वान आणि फटकळ म्हणून त्यांची ख्याती होती, मात्र दृष्टी इतकी अधू झाली होती की कागद दुसऱ्याने वाचून दाखवावे लागत. खेर त्यांचे खासगी चिटणीस झाले आणि वाचनाचे हे काम त्यांच्याकडे आले. दावे, कैफियती, साक्षीपुरावे, जुने निवाडे हे सारे मोठ्याने वाचावयाचे. कोठे थांबावे, काय पुन्हा वाचावे, हे ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखावयाचे. कायद्याचे असे शिक्षण कोणत्याही महाविद्यालयात मिळत नाही. जो मजकूर आपण नुसत्या डोळ्यांनी चाळतो तो दुसऱ्यास वाचून दाखवू लागलो की त्यातील पोकळ जागा आपोआप उघड्या पडतात. शिवाय न्यायमूर्तीच्या मनात निर्णय कसा आकार घेतो हे जवळून पाहावयास मिळे, आणि पाहिलेले बाहेर बोलावयाचे नाही हा दंडकही अंगी मुरे. पुढे मंत्रिमंडळ चालविताना खेरांचा मितभाषीपणा अनेकांच्या लक्षात आला. त्याची मुळे या कामात असावीत असे म्हणण्यास जागा आहे.

येथे थोडे थांबून सॉलिसिटर म्हणजे काय हे सांगणे अवश्य आहे, कारण आपल्या मुलखात हा प्राणी कधी नव्हताच. निजामाच्या राज्यात १८८४ पासून दरबारी भाषा उर्दू झाली आणि वकिली करू इच्छिणाऱ्याने त्याच भाषेत परीक्षा देऊन आपल्या दर्जाची सनद मिळवावयाची, अशी रीत होती. आपल्या गुलबर्ग्यास वकिली करून पुढे हैदराबादच्या उच्च न्यायालयात न्यायाधीश झालेले कै. केशवराव कोरटकर हे त्या वाटेने वर गेलेल्या मराठी मंडळींतील सर्वांत ठळक उदाहरण. तेथे वकील एकच. तोच अशिलाशी बोलतो, तोच अर्ज लिहितो आणि तोच न्यायाधीशापुढे उभा राहतो. मुंबईत निराळा प्रकार होता. १८६२ मध्ये उच्च न्यायालय स्थापन झाले तेव्हा जुन्या सुप्रीम कोर्टाची इंग्रजी वहिवाट त्याच्या मूळ शाखेत तशीच राहिली. मुंबई शहरातील मोठे दिवाणी दावे या शाखेत चालत आणि तेथे एका पक्षकाराला दोन कायदेपंडित लागत. पहिला अ‍ॅटर्नी, म्हणजेच बोलीभाषेतील सॉलिसिटर. अशील त्याच्याकडे येई, कागदपत्रे त्याच्या कपाटात राहत, नोटिसा तो पाठवी, दाव्याची सारी सिद्धता तो करी. न्यायालयात उभे राहून युक्तिवाद करण्याचा अधिकार मात्र त्यास नसे. त्यासाठी तो फितीने बांधलेले ब्रीफ घेऊन बॅरिस्टराकडे किंवा अ‍ॅडव्होकेटाकडे जाई. उलट बॅरिस्टरास अशिलाशी थेट व्यवहार करता येत नसे. सॉलिसिटरने ब्रीफ दिले तरच त्याची चूल पेटावयाची.

याखेरीज जमीनजुमला आणि इमारती यांचे व्यवहार हे सॉलिसिटरचे खास क्षेत्र होते. मिळकतीचे हक्क पिढ्यान्‌पिढ्या मागे जाऊन तपासणे, खरेदीखते, गहाणखते, विश्वस्तपत्रे, मृत्युपत्रे यांचे मसुदे करणे, ही कामे वर्षानुवर्षे चालत. एखाद्या शब्दाच्या ढिलाईमुळे नातवाला कज्जा लढावा लागेल, हे भय मनात बाळगून लिहिणारा हा वर्ग होता.

असा सॉलिसिटर होण्याची वाट एकच होती, ती म्हणजे उमेदवारी. इंग्लंडात १७२९ च्या कायद्याने अ‍ॅटर्नी होऊ पाहणाऱ्याने पाच वर्षे एखाद्या प्रस्थापित अ‍ॅटर्नीपाशी लेखी कराराने बांधून घेतलेच पाहिजे असे ठरले. या करारास आर्टिकल्स आणि उमेदवारास आर्टिकल्ड क्लार्क म्हणत. मुंबईत हीच पद्धत आली. पदवी कितीही उत्तम असो, एखाद्या पेढीतील मालकाने आपणास उमेदवार म्हणून पदरी घेतल्यावाचून पुढचे पाऊल पडत नसे. हा करारनामा म्हणजे गुरुशिष्यसंबंध मुद्रांकाच्या कागदावर उतरविल्यासारखाच होता. उमेदवाराने निष्ठेने काम करावे, पेढीची गुपिते राखावीत. मालकाने त्यास धंदा शिकवावा. त्यानंतर नकला करणे, दस्त ताडून पाहणे, न्यायालयाच्या दप्तरात खेटे घालणे, ज्येष्ठ कारकुनांची मर्जी सांभाळणे आणि रात्री परीक्षेचा अभ्यास करणे. सॉलिसिटरांची परीक्षा कठीण म्हणून प्रसिद्ध होती. मुंबईतील सॉलिसिटरांची संस्था, इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी, ही १८९४ सालची.

खरी अडचण परीक्षेपूर्वीच होती. अर्ज कोणाकडे करावयाचा आणि तो वाचला कशासाठी जावा? उमेदवारीच्या काळात घरच्यांनी पोसावे लागे, म्हणून गरिबास ती परवडत नसे. इंग्लंडात तर मालकाला भारी रक्कम मोजून जागा मिळवावी लागे आणि करारनाम्यावर सरकारी मुद्रांक वेगळा. पैशाची सोय झाली तरी ओळख लागे. पेढ्या युरोपियन, पारशी, गुजराती गृहस्थांच्या. त्यांच्या दाराशी कोकणातून वा कर्नाटकातून आलेल्या मध्यमवर्गीय मुलाची शिफारस कोण करणार? वीस वर्षांच्या पदवीधराने न्यायमूर्तीचा वाचक म्हणून काही वर्षे घालविली याचा अर्थ या प्रश्नाच्या संदर्भात चांगला लागतो. उच्च न्यायालयाच्या वास्तूत ज्याचा चेहरा रोज दिसतो आणि ज्याच्या हाती न्यायमूर्ती आपले कागद निर्धास्तपणे सोपवितात, त्यास वेगळ्या शिफारसपत्राची गरज उरत नाही.

ज्यांच्यासाठी हे दार उघडलेच नाही अशांची आठवण ठेवणे या ठिकाणी योग्य होईल. नाशिकात जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या ऑक्सफर्डला जाऊन कायदा शिकल्या, लंडनच्या एका सॉलिसिटर पेढीत त्यांनी काम केले. परंतु स्त्री म्हणून त्यांना ना तेथे सनद मिळाली ना येथे. हिंदुस्थानात स्त्रियांना वकिलीचा हक्क देणारा कायदा व्हावयास १९२३ साल उजाडले. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर होऊन मुंबईत व्यवसायास बसले. सनदेच्या पैशासाठी त्यांना मित्राकडून उसने घ्यावे लागले, आणि मूळ शाखेतील कामे सॉलिसिटरांच्या हाती असल्यामुळे अस्पृश्य जातीच्या या विद्वानाकडे ब्रीफे येईनात. तेव्हा त्यांनी अपील शाखेत व जिल्ह्याच्या न्यायालयांत कामे घेतली आणि काही वर्षे एका व्यापारी शिक्षणसंस्थेत कायदा शिकविला. ज्या व्यवस्थेने खेरांना वर नेले तिने आंबेडकरांना बाहेर उभे केले, हे विसरून या व्यवसायाचे गोडवे गाता येत नाहीत. दक्षिण आफ्रिकेत तर ही कथा आणखी विचित्र आहे. जोहान्सबर्गला गांधीजी स्वतः अ‍ॅटर्नी होते आणि पोलाक हे त्यांचे गोरे सहकारी त्यांच्याच कचेरीत आर्टिकल्ड क्लार्क होते. मात्र चाळीसएक वर्षांनी त्याच शहरात नेल्सन मंडेला नावाच्या काळ्या तरुणास उमेदवार म्हणून घेणारी गोरी पेढी मुश्किलीने सापडली.

१९१८ साली खेरांनी मणिलाल खेर अँड कंपनी ही सॉलिसिटरांची पेढी काढली. वय तिशीच्या उंबरठ्यावर होते. पेढीच्या नावातच मुंबईच्या व्यवसायाचे मर्म आहे. गुजराती व्यापाराची नगरी आणि मराठी पदवीधर यांची ही भागीदारी होती. पहिले महायुद्ध त्याच वर्षी संपले. मुंबईत पैसा खेळत होता, इमारती उठत होत्या, कंपन्या निघत होत्या व बुडत होत्या. सॉलिसिटरांना कामाची ददात नव्हती. खेरांनी या धंद्यात नाव आणि स्थैर्य दोन्ही मिळविले. खार येथील रामकृष्ण मिशनच्या कार्याकडेही त्यांचा ओढा होता. एवढ्यावरच ते थांबले असते तर मुंबईच्या एखाद्या उपनगरात बंगला बांधून सुखाने राहणाऱ्या अनेक प्रतिष्ठितांपैकी एक झाले असते आणि त्यांच्यावर लेख लिहिण्याचे कारण पडले नसते.

१९२२ पासून ते राजकारणात आले. स्वराज्य पक्षाच्या मुंबई शाखेचे ते चिटणीस झाले. चिटणीसपद म्हणजे पुन्हा कागद, ठराव, पत्रव्यवहार. सॉलिसिटरच्या हातचेच काम. १९३० मध्ये सविनय कायदेभंगात त्यांना आठ महिन्यांची सक्तमजुरी झाली आणि १९३२ मध्ये पुन्हा दोन वर्षांची. कायद्याचा धंदा करणाऱ्याने जाणूनबुजून कायदा मोडणे ही साधी गोष्ट नव्हे. व्यापाऱ्याने तुरुंगात जावे तर दुकान मुलगा चालवितो. सॉलिसिटरचे भांडवल म्हणजे न्यायालयाच्या पटावरील त्याचे नाव. ते पणास लावून खेर तुरुंगात गेले.

१९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसला मुंबई विधानसभेत यश मिळाले, तेव्हा पुढारी कोण हा प्रश्न आला. मुंबईचे लोकप्रिय नेते वीर नरिमन यांची निवड होईल असा पुष्कळांचा समज होता. प्रत्यक्षात निवड झाली खेरांची. नरिमन यांनी सरदार पटेलांनी आपल्याविरुद्ध वजन वापरल्याचा आरोप केला, त्याची चौकशी गांधीजी आणि बॅ. बहादुरजी यांनी केली, आणि तीत नरिमन यांची तक्रार टिकली नाही. या प्रकरणाची चर्चा मुंबईत पुढे अनेक वर्षे चालू राहिली. निवड रास्त होती की नव्हती याविषयी आजही दोन मते संभवतात. मात्र या साऱ्या गदारोळात खेर स्वतः कोणाविरुद्ध उघडपणे भांडण्यास उतरले नाहीत, आणि जुलै १९३७ मध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांनी मुंबई इलाख्याच्या पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळाची सूत्रे घेतली. त्या काळी प्रांताच्या प्रमुखास पंतप्रधान म्हणत. कन्हैयालाल मुनशी, अण्णासाहेब लठ्ठे, मोरारजी देसाई, डॉ. गिल्डर अशी भिन्न प्रकृतीची माणसे त्यांनी एकत्र चालविली. शिक्षणखाते स्वतःकडे ठेवले. मूलोद्योग शिक्षणाच्या योजनेचा विचार करण्यासाठी मध्यवर्ती शिक्षण सल्लागार मंडळाने नेमलेल्या समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

सवादोन वर्षांच्या या कारकिर्दीतील एक काम त्यांच्या जुन्या व्यवसायाशी थेट जुळणारे होते. कायदेभंगाच्या काळात सारा न दिल्याबद्दल गुजरातेतील शेतकऱ्यांच्या जमिनी सरकारने जप्त करून विकल्या होत्या. विकत घेणाऱ्यांचा हक्क कागदोपत्री पक्का, आणि मूळ मालकांचा हक्क लोकांच्या मनात पक्का. या दोहोंचा मेळ घालून त्या जमिनी परत देण्याची तजवीज खेर मंत्रिमंडळाने १९३८ मध्ये केली. मिळकतीच्या हक्काचे पापुद्रे उलगडण्यात ज्याचा हात मुरला आहे त्यास यातील बारकावे सांगावे लागले नसतील. त्याच वर्षी आलेल्या औद्योगिक कलहाच्या कायद्याने मात्र कामगार दुखावले. संपापूर्वी समेटाची लांब प्रक्रिया सक्तीची करणारा हा कायदा डॉ. आंबेडकर आणि साम्यवादी या दोघांनाही मान्य नव्हता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी त्याविरुद्ध मुंबईत मोठा संप झाला. येथे सॉलिसिटरचा स्वभाव आड आला असे आमचे मत आहे. नोटीस, उत्तर, तडजोडीची बैठक, मग न्यायाधिकरण, ही पायरीपायरीची वाट ज्याच्या आयुष्याला वळण देऊन गेली, त्यास ती सर्वांना परवडते असे वाटू लागते. हातावर पोट असलेल्या गिरणी कामगारास थांबण्याची ऐपत नसते. १ ऑगस्ट १९३९ पासून मुंबई शहरात दारूबंदी सुरू झाली, आणि नोव्हेंबरमध्ये, महायुद्धाच्या प्रश्नावर, मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

पुढची वर्षे तुरुंग आणि समाजकार्य यांत गेली. १९४० मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यात आदिवासी सेवा मंडळाची स्थापना केली. त्याच वर्षी वैयक्तिक सत्याग्रहात ते पकडले गेले, आणि ऑगस्ट १९४२ मध्ये स्थानबद्ध झाले ते जुलै १९४४ पर्यंत. १९४६ मध्ये पुन्हा मंत्रिमंडळ बनले. याच सुमारास ठाणे जिल्ह्यातील वारल्यांनी वेठबिगार आणि अल्प मजुरी यांविरुद्ध उठाव केला होता. आदिवासींसाठी संस्था काढणाऱ्या खेरांच्याच सरकारने वारल्यांच्या साम्यवादी नेत्यांना, गोदावरी व शामराव परुळेकर यांना, जिल्ह्यातून हद्दपार केले. शांतता राखण्याची जबाबदारी सरकारवर असते हे खरे. तरीही या प्रकरणी सरकारची नजर जमीनदारांच्या कागदांवर अधिक आणि वारल्यांच्या पाठीवरील वळांवर कमी राहिली, असे म्हटल्यावाचून राहवत नाही.

याउलट १९४७ च्या उन्हाळ्यानंतरचा एक प्रसंग खेरांच्या नावावर जमा आहे. फाळणीमुळे बंगालमधून घटना समितीवर निवडून गेलेल्या डॉ. आंबेडकरांची जागा गेली. ३० जून १९४७ रोजी डॉ. राजेंद्रप्रसादांनी खेरांना पत्र लिहून आंबेडकरांना मुंबईतून तातडीने निवडून पाठविण्याविषयी कळविले. बॅ. जयकरांच्या राजीनाम्याने मुंबईची एक जागा मोकळी झाली होती. जुलैमध्ये आंबेडकर त्या जागेवर निवडून गेले आणि पुढे मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. चोवीस वर्षांपूर्वी मुंबईच्या सॉलिसिटरांनी ज्यांच्याकडे ब्रीफे पाठविण्याचे टाळले, त्यांच्यासंबंधीचे हे पत्र मुंबईच्या एका सॉलिसिटरकडे यावे, हा योग नोंदवून ठेवण्याजोगा आहे. त्याच वर्षी हरिजनांना मंदिरप्रवेशाचा हक्क देणारा कायदा मुंबई सरकारने केला. पंढरपूरचे दार साने गुरुजींच्या उपोषणाने मे महिन्यात उघडले होते. कायद्याने तो हक्क प्रांतभर पक्का केला.

स्वातंत्र्यानंतर खेरांच्या सरकारने केलेल्या कामांची यादी मोठी आहे. कूळकायदा, पुणे विद्यापीठाची स्थापना, संस्थानांचे विलीनीकरण यांविषयी इतरत्र पुष्कळ लिहिले गेले आहे. ज्याचा बोलबाला कमी झाला असा एक कायदा आहे, आणि आमच्या मते सॉलिसिटर खेरांची खरी पारख त्यातच होते. तो म्हणजे १९४८ चा मुंबई शहर दिवाणी न्यायालयाचा कायदा. तोपर्यंत मुंबई शहरात लघुवाद न्यायालयाच्या मर्यादेपलीकडचा दिवाणी दावा म्हणजे थेट उच्च न्यायालयाची मूळ शाखा, आणि तेथे गेले की सॉलिसिटर व बॅरिस्टर अशा दोघांची फी. चारपाच हजारांच्या येण्यासाठी भांडणाऱ्या लहान दुकानदाराच्या हाती खर्च वजा जाता काय उरावे? नव्या न्यायालयात दहा हजार रुपयांपर्यंतचे दावे चालावयाचे ठरले, आणि तेथे एकच वकील अशिलाचे काम पाहून युक्तिवादही करू शके. १९५० च्या प्रारंभी ही मर्यादा पंचवीस हजारांवर नेण्यात आली. त्यावरून वाद होऊन प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तेथे कायदा वैध ठरला. एका सॉलिसिटरच्या मंत्रिमंडळाने सॉलिसिटरांच्या उत्पन्नाचा एक झराच दुसरीकडे वळविला. ज्या जिन्याने आपण वर आलो त्याचे लाकूड काढून इतरांसाठी पायवाट बांधण्यासारखेच हे होते, आणि व्यवसायबंधूंना ते गोड लागणे शक्य नव्हते.

याच्याच जोडीस १९४९ मध्ये मुंबई सरकारने न्या. न. ह. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली गरिबांना कायदेविषयक मदत व सल्ला कसा देता येईल याचा विचार करण्यासाठी समिती नेमली. इंग्लंडात त्याच वर्षी अशा मदतीचा कायदा झाला होता. भगवती समितीच्या शिफारशी खर्चाच्या कारणास्तव बव्हंशी कागदावरच राहिल्या. मात्र देशात हा प्रश्न सरकारी पातळीवर प्रथम हाती घेणाऱ्यांत मुंबईचे स्थान वरचे आहे. पुढे सत्तरीच्या दशकात याच विषयावर ज्यांचे अहवाल गाजले ते न्या. प्र. न. भगवती हे या न्यायमूर्तींचे चिरंजीव. आज तालुक्याच्या न्यायालयात गरीब पक्षकाराला सरकारी खर्चाने वकील मिळतो, त्या वाटेवरचा हा एक जुना मैलाचा दगड आहे.

एप्रिल १९५२ मध्ये खेरांनी मुख्यमंत्रिपद सोडले. त्यांच्या जागी मोरारजी देसाई आले. खेर भारताचे उच्चायुक्त म्हणून लंडनला गेले आणि १९५४ पर्यंत तेथे राहिले. ज्या शहरातील वहिवाट शिकून मुंबईत सॉलिसिटर व्हावयाचे, तेथे विद्यार्थी म्हणून न गेलेला हा मनुष्य स्वतंत्र देशाचा प्रतिनिधी होऊन गेला. १९५४ मध्ये त्यांना पद्मविभूषण देण्यात आले. परत आल्यावर १९५५ मध्ये नेमलेल्या राजभाषा आयोगाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. कारभाराच्या आणि परीक्षांच्या भाषेबरोबर न्यायालयांच्या भाषेचा प्रश्नही या आयोगापुढे होता. १९५६ मध्ये अहवाल तयार झाला तो एकमताचा नव्हता. डॉ. सुनीतिकुमार चटर्जी आणि डॉ. सुब्बरायन या सदस्यांनी हिंदीच्या घाईविरुद्ध आपली भिन्न मते नोंदविली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तुकडे झाले, बिदर आणि गुलबर्गा हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले, आणि ज्या न्यायालयांत आपल्या आजोबांनी उर्दूत अर्ज दिले होते तेथे भाषेची नवी घडी बसू लागली.

८ मार्च १९५७ रोजी बाळासाहेबांचे निधन झाले. मूळ शाखेतील ती दुहेरी पद्धत १९७६ च्या कायदादुरुस्तीने पुढील वर्षारंभी संपली आणि सॉलिसिटरांनाही अ‍ॅडव्होकेट म्हणून न्यायालयात उभे राहता येऊ लागले. सक्ती गेली तरी उमेदवारी करून लॉ सोसायटीची परीक्षा देण्याची चाल मुंबईत टिकून आहे, आणि खेरांनी काढलेल्या पेढीच्या नावात अंबालाल हे आणखी एक नाव मिळून ती त्या शहरात पुढे चालत राहिली.